प्रागैतिहासिक प्राण्यांच्या प्लास्टिक फिगर आणि जीवाश्म : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या छंदात फक्त डायनासोरच येतात का?

नाही. डायनासोर जास्त गाजले, एवढंच. पाठीवर शिडासारखा पडदा असलेला डायमेट्रोडॉन प्रत्येक स्वस्त पाकिटात डायनासोर म्हणून घुसवलेला असतो. प्रत्यक्षात त्याचं नातं सस्तन प्राण्यांच्या वंशाशी जवळचं आहे आणि पहिला डायनासोर दिसायच्या जवळजवळ चार कोटी वर्षं आधी तो संपला होता. उडणारे टेरोसॉर आणि समुद्रातले प्लेसिओसॉर, मोसासॉर हेही डायनासोर नव्हेत. त्यांच्या जोडीला मॅमथ, ग्लिप्टोडॉनसारखे सस्तन प्राणी, चिलखती मासे, ट्रायलोबाइट (खंडाखंडांच्या कवचाचे समुद्री प्राणी), ॲमोनाइट (वळलेल्या शंखाचे, माकुळाचे नातेवाईक) असं सगळं या छंदात येतं. सांगाडे, कवट्या आणि जीवाश्मांच्या प्लास्टिक किंवा रेझिनच्या (साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या द्रव्याच्या) प्रतिकृतीही बरेच जण याच कपाटात ठेवतात.

सुरुवात कशी करावी?

आधी एक कुंपण घाला. एकच स्केल (खऱ्या प्राण्याच्या तुलनेत फिगरच्या आकाराचं प्रमाण), एकच कंपनी, एकच कालखंड (फक्त हिमयुग, फक्त जुरासिक समुद्र) किंवा एकाच प्राण्याच्या निरनिराळ्या फिगर, यातलं काहीही चालेल. कुंपण नसलं की वर्षभरात शंभर फिगर जमतात आणि त्यातल्या ऐंशी एकमेकींशेजारी विचित्र दिसतात. आमच्या मते सगळ्यात मजेशीर संग्रह एकाच प्राण्याचा. १९५०, १९७०, १९९० आणि २०२० च्या दशकांतले चार टायरॅनोसॉरस ओळीने ठेवले, की त्या प्राण्याबद्दलची समज कशी बदलत गेली ते न बोलता दिसतं.

१:४० म्हणजे काय? ती स्केल स्वतः कशी काढायची?

खऱ्या प्राण्याची ४० सेंमी लांबी फिगरमध्ये १ सेंमी झाली, की ती १:४०. हिशोब सोपा आहे, चूक होते ती मोजण्यात. पट्टी सरळ धरू नका. नाकाच्या टोकापासून पाठीच्या कण्यावरून शेपटीच्या टोकापर्यंत दोरा लावा, प्रत्येक वळणासकट, आणि मग दोरा मोजा. शेपूट वळवलेल्या फिगरला सरळ पट्टी लावली तर लांबी सहज पाचव्या हिश्श्याने कमी भरते.

उदाहरण घ्या. शिकागोच्या फील्ड म्युझियममधला ‘सू’ हा टायरॅनोसॉरस १२.३ मीटर, म्हणजे १२३० सेंमी लांब आहे. तुमच्या फिगरचा दोरा २८ सेंमी भरला, तर १२३० भागिले २८, म्हणजे साधारण १:४४. मॅमथ, गेंडा, अस्वल अशा प्राण्यांना मात्र खांद्याची उंची लावा, लांबी नको. त्यांच्या लांबीत सोंड धरायची की शेपूट, यावरच घोळ होतो.

एकाच स्केलवर ठाम राहिलात तर दोन टोकं सोसावी लागतात. १:४० मध्ये २६ मीटरचा डिप्लोडोकस ६५ सेंमीचा होतो आणि दोन मीटरचा व्हेलोसिरॅप्टर जेमतेम ५ सेंमीचा. म्हणून बहुतेक जण मोठ्यांसाठी १:४० आणि कोंबडी ते लांडगा एवढ्या प्राण्यांसाठी १:१० किंवा १:२० अशा दोन वेगळ्या फळ्या ठेवतात. शेजारी माणूस उभा करायचा असेल तर पावणेदोन मीटरचा माणूस १:४० मध्ये ४.४ सेंमी भरतो. ‘ओ’ स्केलच्या खेळण्यातल्या रेल्वेसोबत मिळणारी माणसं १:४३ ते १:४८ असतात, ती चालून जातात. १:३५ च्या फिगरसाठी लष्करी मॉडेलमधले सैनिक आयते मिळतात.

खोक्यावर छापलेली स्केल खरी धरावी का?

छापली त्या दिवशीपुरती. डंकलिओस्टिअस हा चिलखती मासा अनेक वर्षं आठ मीटर किंवा त्याहून लांब समजला जायचा. २०२३ मध्ये झालेल्या नव्या मोजणीत तो साधारण साडेतीन ते चार मीटरच भरला. म्हणजे १:४० म्हणून घेतलेली २० सेंमीची फिगर हातातल्या हातात १:२० झाली! पुठ्ठ्यावरच्या आकड्यापेक्षा स्वतः काढलेला आकडा वहीत लिहा आणि कोणती खरी लांबी धरली तेही बाजूला लिहा.

कोणत्या कंपन्या आणि मालिका माहीत असाव्यात?

जुन्यांत अमेरिकेची मार्क्स. १९५० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या तिच्या एकरंगी डायनासोरांवर एक पिढी वाढली आणि त्या साच्यांच्या नकला आजही फिरतात. ब्रिटनच्या इन्व्हिक्टाने १९७४ पासून लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयासाठी १:४५ मध्ये मालिका काढली. सुरुवातीच्या प्रती रंग न दिलेल्या, एकाच रंगाच्या प्लास्टिकच्या आहेत, पण घडण इतकी नेटकी, की पन्नास वर्षांनीही त्या शोधल्या जातात. याच कंपनीने ‘मास्टरमाइंड’ हा खुंट्यांचा खेळही बाजारात आणला होता.

पुढचा मोठा टप्पा सफारी कंपनीची कार्नेगी मालिका, १९८८ ते २०१५. पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयाच्या देखरेखीखाली बनलेली, शिल्पकार फॉरेस्ट रॉजर्स, स्केल बहुतांशी १:४०. १९९३ मध्ये जर्मनीच्या श्लाइखने बर्लिनच्या संग्रहालयासोबत ‘रेप्लिका-सॉरस’ सुरू केली. १९९४ पासून बॅटॅटने बॉस्टनच्या विज्ञान संग्रहालयासाठी डॅन लोरुसो यांच्याकडून १:४० च्या फिगर घडवून घेतल्या. संख्या थोडी, निर्मितीचा काळ लहान आणि दर्जा वरचा, त्यामुळे त्या सुस्थितीत मिळणं अवघड.

आजच्यांत फ्रान्सच्या पापोचं (डायनासोर २००५ पासून) कातडीवरचं काम अप्रतिम, पण कित्येक प्राण्यांचे आकार सिनेमातून उचललेले. कलेक्टा कुणी न काढलेले प्राणी काढते. ॲमोनाइट, बेलेम्नाइट (माकुळासारखा प्राणी), ट्रायलोबाइट हवेत तर तिकडे पाहा. स्पेनच्या इओफॉनाची पहिली फिगर २०१७ चा स्टेप मॅमथ. यादी छोटी, पण प्रमाणांत चूक काढणं कठीण. चीनच्या पीएनएसओ आणि हाओलाँगगूड यांनी गेल्या काही वर्षांत स्पर्धा फारच वर नेली आहे. जपानच्या कायोदोच्या ‘डायनोटेल्स’ अंगठ्याएवढ्या, सुट्या भागांतून जोडायच्या. हरवायला सोप्या, जपायला कठीण.

बिननावाच्या स्वस्त पाकिटांतल्या फिगरना काही किंमत आहे का?

विज्ञान म्हणून नाही, इतिहास म्हणून आहे. हाँगकाँगमध्ये बनलेल्या अशाच एका पाकिटातले कुठल्याच प्राण्याशी न जुळणारे प्राणी खेळनिर्माते गॅरी गायगॅक्स यांनी आपल्या खेळाच्या टेबलावर वापरले आणि त्यातूनच ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या त्यांच्या कल्पनारम्य खेळातले आउलबेअर आणि रस्ट मॉन्स्टर हे राक्षस जन्मले.

पोटाखालचा शिक्का कसा वाचायचा?

शिक्का पोटावर, मांडीच्या आतल्या बाजूला किंवा तळव्यावर असतो. भिंग घ्या आणि बॅटरीचा उजेड आडवा पाडा. सरळ उजेडात उठावदार अक्षरं दिसत नाहीत. कंपनी, प्राण्याचं नाव, वर्ष, बनवल्याचा देश आणि कधी कधी स्केल मिळते. यातलं वर्ष हे मूळ शिल्पाच्या स्वामित्वहक्काचं (कॉपीराइटचं) असतं. तोच साचा दहा वर्षं चालला, तर दहाव्या वर्षीच्या प्रतीवरही तेच वर्ष येतं. प्रत नेमकी कधीची हे ठरवायला रंगसंगती, देशाचं नाव आणि सोबतचा पुठ्ठ्याचा बिल्ला बघावा लागतो. म्हणून बिल्ले फेकू नका.

फिगर शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे हे पटकन कसं तपासायचं?

शेपटीपासून सुरुवात करा. जमिनीवर टेकलेली शेपूट आणि कांगारूसारखं उभं अंग असेल तर कल्पना जुनी आहे. १९६९ मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ जॉन ऑस्ट्रॉम यांनी डायनोनिकस या चपळ शिकारी डायनासोरचं वर्णन केल्यानंतर चपळ, आडव्या पाठीच्या डायनासोरचं चित्र रुजत गेलं. खेळण्यांत ते यायला आणखी वीसेक वर्षं लागली.

मग हात. मांसाहारी थेरोपॉडांचे तळहात एकमेकांकडे, टाळी वाजवताना असतात तसे हवेत. जमिनीकडे वळलेले तळहात ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे आणि महागड्या फिगरमध्येही सापडते. टायरॅनोसॉरसला हाताची दोन बोटं, ॲलोसॉरसला तीन.

लांब मानेच्या सॉरोपॉडांचे पुढचे पाय बघा. हत्तीसारखी नखांची ओळ दिसली की शिल्पकाराने हत्ती समोर ठेवून काम केलं असं समजा. खऱ्या प्राण्यांत पुढच्या पायाला फार तर अंगठ्याचं एक नख असायचं. स्टेगोसॉरसच्या पाठीवरच्या पाट्या एकाआड एक हव्यात, जोडीजोडीने नकोत, आणि शेपटीला चार काटे. टेरॅनोडॉनच्या चोचीत दात असतील तर हसून पुढे जा. त्याच्या नावातच ‘बिनदाताचा’ हा अर्थ आहे.

पिसांचं थोडं सावकाश. १९९६ मध्ये सायनोसॉरोप्टेरिक्स हा पिसांसारखं आवरण असलेला डायनासोर जाहीर झाला, २००७ मध्ये व्हेलोसिरॅप्टरच्या हाडावर पिसांच्या मुळांच्या खुणा मिळाल्या. त्यानंतर बनलेला बोडका व्हेलोसिरॅप्टर म्हणजे सरळ सिनेमाची नक्कल. पण सॉरोपॉडांना किंवा ट्रायसेराटॉप्सला पिसं नाहीत म्हणून ओरडू नये. त्यांच्या खवल्यांचे ठसे सापडले आहेत.

मग चुकीच्या ठरलेल्या फिगर काढून टाकाव्यात का?

मुळीच नाही, उलट त्यांच्यावर वर्षाची चिठ्ठी लावा. स्पायनोसॉरस हे उत्तम उदाहरण. त्याचे मूळ अवशेष १९४४ मध्ये म्युनिकवरच्या बाँबहल्ल्यात नष्ट झाले, त्यामुळे कित्येक दशकं शिल्पकार अंदाजाने काम करत होते. २०१४ मध्ये आखूड मागचे पाय समोर आले, २०२० मध्ये वल्ह्यासारखी शेपूट. म्हणजे फिगरची शेपूट आणि पाय बघून ती कोणत्या टप्प्यातली ते ओळखता येतं. डायनोकायरसचंही तसंच. १९६५ मध्ये फक्त अडीच मीटरचे हात मिळाले. उरलेला प्राणी, बदकासारखं तोंड आणि पाठीवरचा उंचवटा २०१४ मध्ये कळला. त्याआधीची प्रत्येक फिगर हा एक अंदाज आहे आणि ते अंदाजच पाहण्यासारखे आहेत.

रंग तरी खरे असतात का?

बहुतेक वेळा नाही. काही मोजक्या प्राण्यांबाबत मात्र रंगद्रव्याच्या खुणांवरून सांगता येतं: सायनोसॉरोप्टेरिक्सच्या तांबूस-पांढऱ्या पट्ट्यांची शेपूट (२०१०), मायक्रोरॅप्टरची चमकदार काळी पिसं (२०१२), बोरिआलोपेल्टाची तपकिरी-तांबूस पाठ आणि फिकट पोट (२०१७). या प्राण्यांत रंग चुकला तर ती चूक धरा. बाकीच्यांना रंगाऱ्याची मर्जी.

दोन पायांवरची फिगर पुढे झुकते किंवा पडते. काय करावं?

बहुतेक फिगर ज्याच्या असतात ते पीव्हीसी हे मऊ प्लास्टिक उष्णतेत सैलावतं आणि सगळा भार दोन घोट्यांवर येतो. नवी फिगर पुठ्ठ्यात दाबून बांधलेली असल्यानेही पाय वाकडे होतात. उपाय असा:

१. पाणी उकळून खाली उतरवा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. उकळत्या पाण्यात फिगर टाकू नका, रंग सुटतो.
२. फक्त वाकलेला पाय एक ते दोन मिनिटं बुडवा. जाड पायाला तीन.
३. फडक्याने धरून हवा तसा वळवा, हव्या त्या कोनापेक्षा किंचित जास्त. प्लास्टिक थोडं मागे येतंच.
४. त्याच स्थितीत धरून बर्फाच्या पाण्यात दोन मिनिटं ठेवा. हात लवकर सोडला की सगळी मेहनत वाया जाते.

हे फक्त पीव्हीसीला चालतं. रेझिन तडकतं. पोकळ फिगर असेल तर सांध्यातून पाणी आत शिरतं आणि महिनोन्महिने आत राहून वास मारतं; सांधे पाण्याच्या वर ठेवा, नाहीतर पाण्याऐवजी हेअर ड्रायर वापरा, १० ते १५ सेंमी अंतरावरून, सतत हलवत. पुढच्या कडक उन्हाळ्यात पाय पुन्हा वाकला तर आश्चर्य मानू नका. पीव्हीसी आपला जुना आकार विसरत नाही. कायमचा उपाय म्हणजे पारदर्शक आधारकाडी किंवा तळव्याखाली म्युझियम वॅक्सचा (वस्तू जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या चिकट मेणाचा) मुगाएवढा गोळा.

जुनी फिगर चिकट झाली आहे. खराब झाली का?

पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळतात. वर्षानुवर्षांत ते पृष्ठभागावर झिरपतं आणि त्यावर धूळ बसते. कोमट पाणी, भांडी धुण्याच्या सौम्य साबणाचे दोन थेंब आणि मऊ टूथब्रश घेऊन धुवा, सावलीत पूर्ण वाळवा. काही महिन्यांनी चिकटपणा परत येईल, पुन्हा धुवा. स्पिरिट, ॲसिटोन, थिनर लावू नका. चिकटपणाबरोबर रंगही जातो. बंद पिशवीत कोंबलेल्या फिगर जास्त चिकटतात, हवा खेळती ठेवा.

याच प्लास्टिसायझरमुळे आणखी एक घोळ होतो, तो फार कुणी सांगत नाही. मऊ पीव्हीसीची फिगर पॉलिस्टायरीनच्या टणक तुकड्यावर, उदाहरणार्थ मॉडेल किटच्या भागावर किंवा पारदर्शक डबीत, महिनोन्महिने टेकून राहिली तर तो तुकडा तिथे विरघळल्यासारखा होतो. वर्तमानपत्रात गुंडाळली तर शाई कातडीत उतरते आणि निघत नाही. गुंडाळायला कोरा, आम्लरहित कागद घ्या. स्पंजही नको, तो वर्षांनी भुगा होऊन अंगाला चिकटतो.

तुटलेला तुकडा कशाने चिकटवावा? रंगवता येईल का?

पीव्हीसीला झटपट सुकणारं सायनोॲक्रिलेट चालतं, पण जोड ठिसूळ राहतो. शेपटीसारख्या भार पडणाऱ्या ठिकाणी दोन्ही बाजूंना एक मिलिमीटरचं भोक पाडून आत तारेचा तुकडा घाला, मग चिकटवा. मॉडेल किटचा पॉलिस्टायरीन सिमेंट इथे निरुपयोगी. मार्क्ससारख्या पॉलिथिलीनच्या जुन्या फिगरना तर कुठलाच साधा गोंद नीट धरत नाही, तिथे तारच कामाला येते.

रंगासाठी पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक वापरा, दोन-तीन पातळ थर द्या. इनॅमल आणि बरेचसे स्प्रे मऊ पीव्हीसीवर कधीच पूर्ण सुकत नाहीत, बोट लावलं की ठसा उमटतो. आधी पोटाखाली नखाएवढी जागा रंगवून आठवडाभर बघा. दुर्मीळ फिगर मात्र रंगवू नये. झिजलेला मूळ रंगसुद्धा नव्या रंगापेक्षा मोलाचा.

कपाट कुठे असावं?

खिडकीतलं ऊन पडत नाही तिथे. अतिनील किरणांनी पांढरं पिवळं होतं, लाल फिकं पडतं. दिवे एलईडीचे, हॅलोजनच्या उष्णतेने घोटे वाकतात.

नकली प्रत कशी ओळखावी?

नकली साचा बहुधा खऱ्या फिगरवरूनच काढलेला असतो आणि प्लास्टिक थंड होताना आकसतं. त्यामुळे नक्कल मूळ प्रतीपेक्षा थोडी लहान भरते, खवले पुसट होतात, साच्याची शिवण जाड दिसते. शिक्का खोडलेला किंवा नुसता ‘चायना’ असतो. विकणाऱ्याकडे पट्टीसह फोटो आणि पोटाखालचा फोटो मागा. दोन्ही टाळले तर सौदा सोडा.

जुन्या फिगर लहान मुलांना खेळायला द्याव्यात का?

नको. जुन्या रंगांत शिसं किंवा कॅडमियम असू शकतं. शिवाय खेळण्यांतल्या काही थॅलेट प्लास्टिसायझरांवर ०.१ टक्क्याची मर्यादा युरोपीय संघाने २००५ मध्ये आणि अमेरिकेने २००८ मध्ये घातली. त्याआधीचा माल त्या नियमात बसेलच असं नाही.

फिगरशेजारी खरे जीवाश्म ठेवायचे आहेत. फसवणूक कशी टाळावी?

प्रतिकृती वाईट नसते; प्रतिकृती खरी म्हणून विकणं वाईट. हातात घेतल्यावर दगड गार आणि जड लागतो, रेझिन कोमट आणि हलकं. चुनखडीची घनता साधारण २.७ ग्रॅम प्रति घनसेंमी, रेझिनची १.१ ते १.२. भिंगाखाली गोल टाचणीएवढे खड्डे दिसले तर ते ओतकामातले हवेचे बुडबुडे. अतिनील टॉर्चखाली गोंद आणि भराव दगडापेक्षा वेगळे चमकतात.

मोरोक्कोच्या मालाकडे विशेष लक्ष द्या, कारण तिथून खरेही सगळ्यात जास्त येतात आणि जोडकामही. स्पायनोसॉरसच्या दाताचा मुकुट एकाचा आणि मूळ दुसऱ्याचं, मध्ये वाळू-गोंदाचा लेप. मोसासॉरच्या जबड्यात सुटे दात खोचलेले. ट्रायलोबाइटचे काटे रेझिनचे. सुरुवातीला साधे ॲमोनाइट किंवा शार्कचे दात घ्या. ते इतके विपुल आहेत, की नकली बनवणं परवडत नाही.

पायराइट (लोह आणि गंधकाचं सोनेरी खनिज) झालेले ॲमोनाइट दमटपणात कुजतात. पांढरी-पिवळी भुकटी आणि गंधकाचा वास आला की तो तुकडा लगेच वेगळा करा. निघणारं आम्ल खालचा कागद आणि लेबलही खातं. हवाबंद डबीत सिलिका जेलसह, ५० टक्क्यांहून कमी आर्द्रतेत ठेवा.

कायदाही बघा. मंगोलिया, चीन, ब्राझील, अर्जेंटिना इथून परवान्याशिवाय जीवाश्म बाहेर नेता येत नाहीत. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात विकला गेलेला टार्बोसॉरस या टायरॅनोसॉरसच्या नातेवाईकाचा सांगाडा पुढच्याच वर्षी मंगोलियाला परत करावा लागला. तुकडा कुठल्या थरातून, कुठल्या गावाजवळून आला हे विक्रेता सांगू शकत नसेल, तर घेऊ नका.

नोंद कशी ठेवावी?

प्रत्येक फिगरला एक ओळ: प्राणी, कंपनी, शिक्क्यावरचं वर्ष, दोऱ्याची लांबी, काढलेली स्केल, दुरुस्ती केली असल्यास कोणती आणि कशाने. जीवाश्माला याशिवाय ठिकाण आणि खडकाचा थर. क्रमांक फिगरच्या तळव्यावर लिहू नका, मार्करची शाई पीव्हीसीत पसरते. कागदाच्या चिठ्ठीवर लिहून दोऱ्याने पायाला बांधा.